गोळ्यांची डबी आणि पाचचा गजर

ताई,

वय ४३. डोंबिवलीला राहतो, बॅलार्ड इस्टेटमध्ये एका कंपनीत अकाउंट्सला आहे. घरी आई, बायको, आठवीतली मुलगी. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले.

माझा प्रश्न ऐकायला फालतू वाटेल. माझी एकही चांगली सवय टिकत नाही. एक जानेवारी असो, पाडवा असो, वाढदिवस असो, मी सुरुवात दणक्यात करतो. जिमचे वर्षाचे पैसे भरले आणि दीड महिना गेलो. यंदा पाडव्याला सात गोष्टींची यादी करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. पहाटे पाचला उठणे, चालणे, ध्यान, दहा पानं वाचन, साखर बंद, रात्री नऊनंतर मोबाइल बंद, आणि झोपण्यापूर्वी वहीत कृतज्ञतेच्या तीन गोष्टी. एकवीस दिवस केलं की सवय लागते म्हणतात. एकोणिसाव्या दिवशी मुलीला ताप आला, रात्रभर जागलो आणि दुसऱ्या दिवसापासून सगळंच बारगळलं. अ‍ॅपवर सलग दिवसांचा आकडा शून्यावर आलेला बघितला, परत ते उघडलंच नाही. कृतज्ञतेच्या वहीचं तर हसूच झालं. चहा, आई, तब्येत. परत चहा, आई, तब्येत. शेवटी कंटाळा आला.

बाबा असे नव्हते. अंबरनाथला कारखान्यात होते, सकाळी भोंग्याला गेटवर हजर. रोज रात्री जेवण झालं की हिशेबाची वही लिहायचे. दूध, भाजी, रिक्षा, सगळं. ते गेल्यावर कपाटात वह्यांचा गठ्ठा सापडला. ती शिस्त माझ्यात नाही. घरात मी काही करतच नाही असं नाही, आईच्या गोळ्यांची आठवड्याची डबी दर रविवारी रात्री मीच भरतो, वीजबिल वगैरे बघतो, पण स्वतःचं म्हणून काही उभं राहत नाही. त्यात डॉक्टर म्हणाले, शुगर काठावर आहे, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ६.१, रोज अर्धा तास चाला. सकाळी स्टेशनवरून ऑफिसला शेअर टॅक्सी, घरी यायला साडेआठ. चालू कधी?

खरं सांगायचं तर हल्ली वाटतं, हे सगळं कशासाठी? एका मित्राने ते जपानी चार वर्तुळांचं चित्र पाठवलं. आवड, कौशल्य, जगाची गरज, पैसा. मधोमध काय येतं ते लिही म्हणाला. माझ्या मधोमध काहीच आलं नाही. बायको म्हणते, "आधी पाचला उठून दाखवा, मग आयुष्याचा उद्देश शोधा."

तर पाचला उठायची सवय कशी लावू?

आरंभशूर, डोंबिवली

*

नमस्कार आरंभशूर,

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही वीजबिलाच्या शेजारी टाकून पुढे निघून गेलात. आईच्या गोळ्यांची डबी दर रविवारी रात्री तुम्ही भरता. किती वर्षं, ते लिहिलं नाहीत. किती रविवार चुकले, तेही नाही. फारसे चुकले नसणार, कारण चुकला असता तर सोमवारी सकाळी आईने रिकामा खण उघडून दाखवला असता. आणि हे करणारा माणूस मला लिहितोय की त्याची एकही सवय टिकत नाही!

हे काम आमच्याही घरात चालतं, त्यामुळे ते डोळ्यांपुढे आहे. रविवारची जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला की टेबलावर जुना पेपर पसरायचा. स्ट्रिपा काढायच्या. बीपीची सकाळी, कॅल्शियमची दुपारी जेवल्यावर, पोट साफ व्हायची रात्री. एखादी अर्धी करायची असते. ती सुरीने कधी बरोबर मधोमध कापली जात नाही, एक तुकडा मोठा होतो आणि चुरा बोटाने टिपून घ्यावा लागतो. एका खणाचं झाकण नेमकं सैल असतं. स्ट्रिपमध्ये चारच उरल्यात, म्हणजे उद्या येताना मेडिकलमध्ये डोकवायचं, हे तेव्हाच कळतं. पंधरा मिनिटांत काम संपतं. कुणी शाबासकी देत नाही, कुणी फोटो काढत नाही.

या कामात काय काय आहे ते नीट बघा. वेळ ठरलेली आहे, पण घड्याळाची नाही. जेवणं झाली की. जागा ठरलेली आहे, सामान एकाच डब्यात आहे. काम एवढं लहान आहे की तुम्हाला स्वतःला ताप असला तरी होऊन जातं. आणि पलीकडे एक माणूस आहे, ज्याला सोमवारी सकाळी ती गोळी लागणारच. त्या रात्री तुम्ही स्वतःला विचारत बसत नाही की आज मला उत्साह आहे का.

आता कपाटाच्या दारावरची यादी घ्या. पहाटे पाच आणि रात्री नऊ सोडले तर कशाला धड वेळ नाही. जागा कशालाच नाही. पलीकडे कुणी नाही, एक सुधारलेले तुम्ही सोडून, आणि ते गृहस्थ अजून जन्माला यायचे आहेत. साती गोष्टी एकाच दिवशी सुरू केल्या, म्हणून एकाच दिवशी बंद पडल्या. मला यात तुमच्या स्वभावाचा दोष दिसत नाही, यादीचा दिसतो. आज रात्री ती काढून टाका. सेलोटेपबरोबर थोडं पॉलिश निघेल, निघू दे.

एकवीस दिवसांचं प्रकरणही मिटवून टाकू. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. १९६० च्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी लिहिलं की शस्त्रक्रियेनंतर आरशातल्या नव्या चेहऱ्याला सरावायला रुग्णांना निदान एकवीसेक दिवस लागतात. पुढे सांगोवांगी त्यातलं 'निदान' गळून गेलं आणि चेहऱ्याच्या जागी जगातली प्रत्येक सवय आली. सवयीचं खरं मोजमाप लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलं, ते २०१० मध्ये छापून आलं. ९६ जणांनी बारा आठवडे रोज एक साधी गोष्ट केली, कुणी जेवणाबरोबर फळ खाल्लं, कुणी पाणी प्यायलं, कुणी व्यायाम केला. ती आपोआप व्हायला लागायचा मधला आकडा आला ६६ दिवस. पण कुणाला १८ च पुरले, तर कुणाचा हिशेब २५४ पर्यंत गेला. खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा व्यायामाला जास्त वेळ लागला. तुमच्या उपयोगाची गोष्ट वेगळीच आहे. एखादा दिवस चुकला म्हणून त्या लोकांच्या सवयीला फारसा धक्का लागला नाही.

म्हणजे मुलीच्या तापाने तुमचं काहीच मोडलं नव्हतं. मोडलं ते शून्य बघितल्यावर. तापलेल्या मुलीच्या उशाशी रात्रभर बसलेल्या बापाला शून्य मार्क देणारं अ‍ॅप फोनमध्ये ठेवायचं कारण मला तरी दिसत नाही.

बाबांबद्दल जरा जपून लिहिते. त्यांची शिस्त त्यांचीच होती, ती मी कमी करत नाही. पण ती शिस्त ज्या घडीत बसली होती ती घडीही बघा. गावभर ऐकू जाणारा भोंगा. वेळेनंतर बंद होणारं गेट. त्याच आळीतून त्याच पाळीला निघणारे चार शेजारी, एक दिवस दिसला नाहीत तर संध्याकाळी चौकशीला घरी येणारे. आणि ठरल्या वेळेला ताट वाढणारी तुमची आई. त्या ताटानंतर वही यायची. तुमच्या वाट्याला भोंगा नाही, लोकल आहे, आणि ती वेळेवर येईलच असं नाही. घरी पोचता तेव्हा बाबांची वही लिहून झालेली असायची.

त्या वह्या तुम्ही उघडून वाचल्यात का? पत्रावरून वाटतं, गठ्ठा सापडला आणि नमस्कार करून तसाच ठेवून दिलात. वाचा. माझा अंदाज आहे की मध्ये मध्ये कोरी पानं सापडतील, कुणाच्या लग्नातली, कुणाच्या आजारपणातली. काही आठवडे एकाच पेनाने एका बैठकीत उरकलेले असतील, महिनाअखेरीला आठवून आठवून. नसतील तर मी हात जोडते. पण कोरी पानं असतील, तर त्यांच्यानंतरचं पान बघा. तिथे पुन्हा दूध आहे, भाजी आहे, रिक्षा आहे. वही पुढे चालू आहे. आणि हो, तुमच्या दहावीच्या निकालाच्या दिवशीचं पान शोधा. पेढे किती आणले होते ते तिथे असेल.

आता चालण्याकडे येऊ, कारण तुमच्या पत्रातली एवढी एकच गोष्ट खरोखर तातडीची आहे. ६.१ म्हणजे मधुमेह झालेला नाही, पण दारात आहे. ५.७ ते ६.४ हा अलीकडचा पट्टा, ६.५ पासून पलीकडे. या पट्ट्यातून मागे फिरता येतं. काठावरच्या लोकांवर अमेरिकेत झालेला मोठा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आणि वजनात सुमारे सात टक्के घट असं ध्येय दिलेल्या गटात साधारण तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ मध्ये आपल्या लोकांवरचे निष्कर्ष मांडले. आकडा तेवढा मोठा नव्हता, साडेअठ्ठावीस टक्के, पण खाणं आणि चालणं सुधारून फरक पडतो हे आपल्याच हाडामांसाच्या माणसांत दिसलं.

चालू कधी, विचारता. तुम्हीच सांगितलंत की, शेअर टॅक्सी! सीएसएमटी ते बॅलार्ड इस्टेट पायी पंधरा मिनिटं, फार तर वीस. जाताना पंधरा, येताना पंधरा, आठवड्याचे पाच दिवस. अकाउंट्सचा माणूस आहात, गुणाकार करा. डॉक्टरांचा अर्धा तास तुमच्या प्रवासातच पडलेला आहे, रोज भाडं देऊन तुम्ही तो टाळताय. (आणि मुंबईत पायी हिंडायला इतका देखणा भाग कमी. रुंद रस्ते, झाडं, जॉर्ज विटेटने आखलेल्या एका धाटणीच्या दगडी इमारती. लोक मुद्दाम बघायला येतात ते तुम्ही टॅक्सीच्या काचेतून बघता, हे मला बघवत नाही.)

पीटर गॉल्विट्झर नावाचे मानसशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं एकच गोष्ट तपासत आलेत. 'मी रोज चालणार' असं ठरवणाऱ्यापेक्षा 'अमुक झालं की तमुक करणार' असं ठरवणारा जास्त वेळा ते पार पाडतो. तुमचं वाक्य असं असू दे: गाडीतून उतरलो की जीपीओच्या बाजूने बाहेर पडायचं. टॅक्सीची रांग दिसणारच नाही अशा बाजूने. रांग दिसली की पाय वळतात, तुमचे काय नि माझे काय.

आणि पलीकडे माणूस हवा. तुमच्या डब्यात रोजची मंडळी असणारच. सकाळी चौथ्या सीटवर सरकून जागा देणारे, भांडुप आलं की उठवणारे. त्यांच्यातला कुणी तरी फोर्टच्या दिशेने उतरत असेल. त्याला सांगा, उद्यापासून चालत. त्याला व्यायामाचं व्याख्यान देऊ नका, एकटा कंटाळतो म्हणा. दोन माणसं बोलत निघाली की पंधरा मिनिटं कळत नाहीत, आणि एकाला कंटाळा आला तरी दुसरा बाहेर उभा असतो.

जुलैचं काय, हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. ज्या दिवशी धो धो कोसळतोय त्या दिवशी टॅक्सी करा, बिनदिक्कत. रिमझिम असेल तर पावसाळी सँडल, आणि ऑफिसच्या खणात कोरडे मोजे आणि बूट. संध्याकाळी उशीर झाला आणि ठरलेली गाडी चुकणार असेल तर टॅक्सी. हे अपवाद आजच ठरवून ठेवा, म्हणजे ऐन वेळी स्वतःशी घासाघीस होणार नाही. एवढी एक गोष्ट दिवाळीपर्यंत करा. बाकीच्या सहांचं नाव काढू नका. ध्यान, दहा पानं, मोबाइल यांना वाट बघू दे. साखर एकदम बंद करायचा पण करू नका, पण चहातली निम्मी करा. डोंबिवलीपासून ऑफिसपर्यंत चहा किती होतात ते तुम्हाला माहीत आहे.

कृतज्ञतेच्या वहीचा कंटाळा आला म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. कॅलिफोर्नियात सोनिया ल्युबोमिर्स्की यांनी नेमकं हेच करून बघितलं. काही जणांनी आपल्या वाट्याच्या चांगल्या गोष्टी आठवड्यातून एकदा लिहिल्या, काही जणांनी तीनदा. सहा आठवड्यांनी समाधान वाढलेलं दिसलं ते एकदा लिहिणाऱ्यांचं. जास्त वेळा लिहिणाऱ्यांना त्याचा उपयोग झाला नाही. यात नवल नाही. रोज लिहायची म्हटली की कृतज्ञतेचा हजेरीपट होतो. चहा हजर, आई हजर, तब्येत हजर.

आपल्याकडचं बघा ना. पोळा वर्षातून एकदा येतो. आदल्या दिवशी खांदेमळणी असते. शेतकरी बैलासमोर उभा राहून आभाराचं भाषण करत नाही. तो त्याच्या खांद्याला तूप-हळद चोळतो. जू वर्षभर जिथे घासलं, कातडी जिथे निबर झाली, नेमकी तिथे. मग दुसऱ्या दिवशी झूल, बाशिंग, पुरणपोळी. किंवा तुमच्या रोजच्या गाडीचंच घ्या. दसऱ्याच्या सुमाराला डब्यात झेंडूची तोरणं लागतात, मोटरमनला हार आणि पेढे मिळतात, आणि त्या दिवशी रोज शिव्या खाणाऱ्या गाडीला हळदकुंकू लागतं. तुम्हीही वर्गणी दिली असेल. या दोन्ही ठिकाणी 'मी कृतज्ञ आहे' हे वाक्य कुणीच उच्चारत नाही. हाताने काही तरी होतं, आणि ते ज्याचं आहे त्याच्यापर्यंत पोचतं.

तुमच्या वहीतली 'आई' आईपर्यंत पोचली का? मला वाटतं, नाही. आता उद्या उठून "थँक यू आई" म्हणालात तर ती कपाळाला हात लावून ताप बघेल. आपल्या घरांत ते तसं चालत नाही. आपण म्हणतो, "अजून थोडी वाढ." आपण म्हणतो, "परवाची आमटी बाबांना आवडायची तशी झाली होती." एवढ्यात सगळं येतं, आणि आईला ते बरोबर कळतं. म्हणून वही बंद करा. रविवारी डबी भरायला बसाल तेव्हा हाताला काम असतं, डोकं मोकळं असतं. गेल्या आठवड्यात माझं जू कुणी वाहिलं, एवढं एक नाव आठवा. मुलीच्या आजारपणात तुमचं काम ओढणारा सहकारी असेल, सोसायटीचा वॉचमन असेल. मग त्याच्यासाठी काही तरी करा, किंवा निदान नेमकं बोला. 'तुमचे फार उपकार' नको. 'त्या दिवशी जीएसटीचं रिटर्न तुम्ही भरलंत म्हणून मी घरी थांबू शकलो' असं. आणि शक्य असेल तर बाबांची एक वही आईसमोर घेऊन बसा. एखाद्या नोंदीवरून ती बोलायला लागेल. गोळ्यांचा हिशेब चुकू देऊ नका तेवढा.

आता ती चार वर्तुळं. पहिली गोष्ट, ते चित्र जपानी नाही. आंद्रेस झुझुनागा नावाच्या एका स्पॅनिश गृहस्थाने 'उद्देश' या विषयावर ते आखलं होतं. २०१४ मध्ये मार्क विन या ब्रिटिश ब्लॉगरने मधोमध 'इकिगाई' (जगण्याचं कारण) हा जपानी शब्द घातला आणि ते जगभर फिरलं. जपानमध्ये या विषयावर मनापासून काम केलं ते मिएको कामिया या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी. त्या नागाशिमा बेटावरच्या कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयात काम करत होत्या आणि १९६६ मध्ये त्यांनी त्यावर लिहिलं. घरापासून तुटलेल्या, बरं व्हायची आशा सुटलेल्या माणसाला सकाळी उठावंसं का वाटतं, आणि दुसऱ्या एखाद्याला का वाटत नाही, हा त्यांचा प्रश्न होता. त्यात पगार कुठे बसवणार? आपल्या वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी आनंदवन उभारलं तेही भीक घालून नाही, झडलेल्या बोटांच्या हातांना काम देऊन. ज्यांना समाजाने हाकललं त्यांनी तिथे विहिरी खणल्या, शेती केली, आणि पिकवलेलं दुसऱ्यांना खायला घातलं.

तुमच्या मित्राच्या चित्रात एक वर्तुळ पैशाचं आहे. आईची डबी भरायचे कुणी पैसे देत नाही, ती तुमची आवडही नसेल, आणि त्यात कौशल्य ते काय? म्हणून तुमच्या मधोमध काही आलं नाही. चित्र चुकीच्या माणसाला पाठवलं गेलं एवढंच. करिअर बदलायच्या विचारात असलेल्या पंचविशीतल्या मुलाला ते ठीक आहे. ४३ व्या वर्षी, वडील गेल्यावर, आई म्हातारी होत असताना आणि मुलगी मोठी होत असताना, सकाळी तुम्ही कुणाला लागता, याची उत्तरं घरातच चालत फिरत आहेत. त्यांना उद्देश म्हणायचं की जबाबदारी, यावर मी वाद घालणार नाही. पुढे कधी त्याहून मोठं काही हाताला लागेल, मुलगी शिकायला बाहेर पडली की कदाचित. आज ते सापडत नाही म्हणून आजचा दिवस वाया गेला असं होत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट विचारते. 'हे सगळं कशासाठी' हे गाडीत उभ्या उभ्या मनात येऊन जातं, की ते दिवसभर छातीवर बसून असतं? झोप, भूक, आवडीच्या गोष्टी, मुलीशी हसणं, यातलं बरंचसं दोन आठवड्यांहून अधिक काळ उडालं असेल, तर तो सवयीचा प्रश्न नाही आणि माझ्या सदराने सुटणारही नाही. वडील गेल्याचं दुःख दोन वर्षांनीही असं वर येतं. शुगर बघणाऱ्या डॉक्टरांनाच सांगा, ते पुढचा रस्ता दाखवतील. किंवा १४४१६ ला फोन करा. ती सरकारची टेली मानस सेवा आहे, फुकट, कधीही चालू, मराठीत बोलता येतं. जगावंसंच वाटत नाही असा विचार एकदा जरी आला असेल, तर त्याच दिवशी करा, रविवारची वाट बघू नका.

राहता राहिला पाचचा गजर, म्हणजे तुमचा मूळ प्रश्न. उठू नका. साडेआठला घरी येणारा माणूस जेवून, मुलीचं बघून, आईशी दोन शब्द बोलून साडेअकराच्या आत आडवा होत नाही. पाचला उठलात तर साडेपाच तास झोप. मोठ्या माणसाला निदान सात तास लागते, आणि झोप कमी पडली की शुगरही बिघडते. पहाटे उठण्यात पुण्य असेल, पण काठावरच्या माणसाने ते असं कमवू नये.

पण तुमच्या बायकोचं वाक्य मला डोळा मारून गेलं. "आधी पाचला उठून दाखवा." ती स्वतः किती वाजता उठते, ते पत्रात नाही. डोंबिवलीहून सकाळची गाडी धरणाऱ्याचा डबा, मुलीचा डबा, आईचा नाश्ता, हे सगळं कुणी तरी कुठल्या तरी वेळी उठून करतं, आणि तिला कुणी एकविसाव्या दिवशी टाळ्या वाजवत नाही. खांदेमळणीचं मी वर लिहिलं ते याच्यासाठी. म्हणून गजर लावायचाच असेल तर आठवड्यातून दोन दिवस, तिच्या वेळेला, आणि डबा तुम्ही करायचा. मंगळवार आणि शुक्रवार म्हणा. त्याच्या आदल्या रात्री साडेदहाला झोपायचं, मोबाइल हॉलमध्ये ठेवून. आधी तिला विचारा. सकाळच्या घाईत स्वयंपाकघरात मध्ये मध्ये येणारा नवरा कुणालाच नको असतो. ती हो म्हणाली तर त्या दोन दिवशी तिने खरंच झोपून राहायचं, आतून सूचना द्यायच्या नाहीत, हे ठरवून घ्या. पोळ्या जमत नसतील तर सुरुवातीला दशम्या किंवा पराठे करा, आकार कुणी बघत नाही. कणीक रात्री मळून, वरून तेलाचा हात लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी अर्धा तास आधी बाहेर काढा. तोंडली, फरसबी, गाजर रात्री चिरून डब्यात ठेवलेलं चालतं. वांगं आणि बटाटा मात्र सकाळीच चिरा, काळे पडतात.